रजतनगरी खामगाव आणि घरातील चांदीची भांडी : बुलढाणा जिल्ह्यातील एका ठेवीचा इतिहास

प्रस्तावना

बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव हे शहर 'रजतनगरी' म्हणून ओळखले जाते. तेथील चांदीच्या शुद्धतेचा लौकिक जिल्ह्याबाहेरही पसरलेला आहे. मात्र या लौकिकाची चर्चा प्रामुख्याने बाजारपेठेच्या अंगाने होते. जी चांदी घरात गेली, ताट, वाटी, तबक, तांब्या अशा रूपांत वापरली गेली आणि पुढे बहुतांशी पुन्हा मुशीत गेली, तिचा इतिहास दुर्लक्षित राहिला आहे. घरातील चांदीचे भांडे हे एकाच वेळी पात्र, ठेव आणि कौटुंबिक दस्तऐवज होते. त्यातील ठेवीच्या अंगाने उरलेल्या दोन अंगांवर कशी मात केली, हे दाखवण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

उद्दिष्टे

१) वऱ्हाडातील कापसाचा व्यापार, चांदीचे नाणे आणि घरातील चांदीची भांडी यांचा संबंध स्पष्ट करणे.
२) चांदीच्या भांड्यांचे प्रकार व त्यांचा घरगुती वापर यांचा आढावा घेणे.
३) जुन्या भांड्यांची ओळख व जतन यांसंबंधी विचार मांडणे.

कापूस, रुपया आणि ताट

१८५३ च्या तहान्वये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) इंग्लंडमधील गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानी कापसाचे भाव भडकले. खामगाव हे त्या काळातील वऱ्हाडातील प्रमुख कापूस बाजारांपैकी एक होते. मार्च १८७० मध्ये जलंब-खामगाव हा लोहमार्ग व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खुला झाला, यावरून या बाजाराचे महत्त्व ध्यानात येते. त्या वेळी खामगाव अकोला जिल्ह्यात होते. १९०५ च्या पुनर्रचनेत खामगाव व जळगाव हे तालुके बुलढाणा जिल्ह्यास जोडले गेले.

कापसाचा मोबदला चांदीच्या रुपयांत मिळे. १८३५ च्या कायद्याने ठरलेल्या रुपयाचे वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम होते. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी आणि एक भाग हीण असे. रुपयाचे वजन तेच तोळ्याचे वजन असल्यामुळे 'रुपयाभार' हे मापही रूढ होते. शंभर रुपयेभार ताट म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे १,१६६ ग्रॅमचे ताट. सोनाराकडे रुपये देऊन त्यांचेच भांडे घडवता येई आणि घडणावळ तेवढी वेगळी द्यावी लागे. याउलट, चांदी टांकसाळीत देऊन ठरावीक आकार भरल्यास तिचे रुपये पाडून मिळत. मुंबईच्या टांकसाळीपर्यंत गावचा शेतकरी जात नसे. परंतु सराफ-सावकारांच्या साखळीमुळे या व्यवस्थेचा लाभ गावातील भावाला मिळत असे. या अर्थाने ताट आणि रुपया ही एकाच धनाची दोन रूपे होती.

१८९३ नंतरचे चित्र

१८९३ मध्ये सरकारने खासगी चांदीचे रुपये पाडून देणे बंद केले. पुढे रुपयाचा दर १ शिलिंग ४ पेन्स असा स्थिर करण्यात आला. जागतिक बाजारात चांदी उतरत असतानाही रुपयाची किंमत कृत्रिमरीत्या वर राहिली. परिणामी रुपयाभार चांदी विकून पूर्ण रुपया मिळेनासा झाला. १९०० च्या सुमारास लंडनच्या भावाने रुपयातील चांदीची किंमत जेमतेम दहा-साडेदहा आणे भरत होती. नेमक्या याच काळात, १८९६-९७ आणि १८९९-१९०० मध्ये, वऱ्हाडात दुष्काळ पडले. दुष्काळात घरातील दागिने व भांडी मोडून धान्य घेणे हा सामान्य कुटुंबाचा शेवटचा आधार असे. तो आधारच एक तृतीयांशाहून अधिक खचला होता. सरकारी तिजोरीच्या सोयीसाठी घेतलेला चलनविषयक निर्णय गरिबाच्या घरातील वाटी-तांब्यापर्यंत पोहोचला, ही बाब प्रादेशिक इतिहासलेखनात अधिक ठळकपणे यावयास हवी.

१९४० मध्ये रुपयातील चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ मध्ये निकेलचा रुपया आला. नाणे व भांडे यांचे नाते संपले, परंतु भांड्याकडे वजनाने पाहण्याची सवय मात्र टिकून राहिली.

भांड्यांचे प्रकार व वापर

चांदीच्या भांड्यांचे स्थूलमानाने तीन गट करता येतात. पहिला गट भोजनपात्रांचा : ताट, वाटी, फुलपात्र, तांब्या, लोटी. दुसरा पूजेच्या उपकरणांचा : ताम्हण, पळी, पंचपात्र, निरांजन, अभिषेकपात्र. तिसरा आतिथ्याचा : तबक, अत्तरदाणी, गुलाबदाणी, पानाचा डबा. यांखेरीज बाळाला दूध पाजण्याचे बोंडले आणि उष्टावणाची वाटी-चमचा यांना घरात विशेष स्थान असे.

भोजनपात्रे बहुधा साधी व ठोकीव, तर तबक-अत्तरदाण्या नक्षीदार असत. यामागे धुण्याची सोय आहेच. शिवाय नक्षी नसलेले चांदीचे पात्र केवळ पाण्याने शुद्ध होते, असा संकेत मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात सांगितला आहे. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई लागते, अन्यथा आंबट पदार्थ कळकतात. चांदीला ही अडचण नाही. मात्र मीठ भांड्यात राहिल्यास पृष्ठभाग खराब होतो आणि अंडे, कांदा यांतील गंधकामुळे चांदी काळी पडते.

ही भांडी रोजच्या वापरातील क्वचितच असत. भाद्रपदातील महालक्ष्म्यांचा नैवेद्य, दिवाळसणाला आलेल्या जावयाचे पान, अधिक महिन्यातील वाण अशा प्रसंगी ती बाहेर निघत. स्टेनलेस स्टीलचा प्रसार झाल्यावर तर ती कपाटात आणि पुढे बँकेच्या लॉकरमध्ये गेली.

स्टर्लिंग आणि देशी चांदी

जुन्या वस्तूंचा संग्रह करणाऱ्यांमध्ये 'स्टर्लिंग' चांदीची तबके व भोजनपात्रे विशेष मान्यता पावलेली आहेत. स्टर्लिंग म्हणजे हजार भागांत ९२५ भाग चांदी. इंग्लंडमध्ये तपासणी झालेल्या भांड्यावर चालत्या सिंहाचा ठसा, शहराचे चिन्ह (लंडनसाठी बिबट्याचे मुख, बर्मिंगहॅमसाठी नांगर) आणि वर्षदर्शक अक्षर असते. त्यामुळे त्याचे वय ठरवणे सोपे जाते. रुपयाची चांदी हजारी ९१६ च्या आसपास, म्हणजे स्टर्लिंगच्या अगदी जवळची होती. त्यामुळे रुपये आटवून घडवलेले देशी ताट धातूच्या दृष्टीने विलायती तबकापेक्षा फारसे कमी नव्हते. त्याच्यापाशी नव्हता तो ठसा. सांध्याला वापरलेल्या डाकामुळे काही भांड्यांचा टंच आणखी उतरे. 'जर्मन सिल्व्हर' या नावाने विकल्या जाणाऱ्या मिश्रधातूत तर मूळची चांदी अजिबात नसते, हेही संग्राहकाने ध्यानात ठेवावे. भारतात चांदीसाठी हॉलमार्क योजना २००५ मध्ये ऐच्छिक स्वरूपात सुरू झाली आणि सप्टेंबर २०२५ पासून तिला प्रत्येक वस्तूच्या स्वतंत्र ओळखक्रमांकाची जोड मिळाली.

नाव घातलेली भांडी आणि मोड

देशी भांड्यावर ठसा नसला तरी अनेकदा नाव असते. भांड्यावर नाव घालण्याची आपल्याकडील पद्धत इतिहासाच्या दृष्टीने मोलाची आहे. देणाऱ्याचे नाव, गाव, तिथी, प्रसंग एवढा मजकूर काठावर सापडू शकतो. जमिनीच्या व देवघेवीच्या कागदांवर प्रायः पुरुषांची नावे आढळतात. माहेरहून आलेल्या तांब्यावर मात्र लेकीचे नाव असते. हे तिचे स्त्रीधन होते आणि त्याचा पुरावाही त्याच धातूवर कोरलेला होता. भांडे मोडीत गेले की वजन उरते, नाव जाते. २०२५ मध्ये चांदीचा भाव किलोमागे एक लाख रुपयांच्या पुढे गेल्यामुळे मोडीचा मोह वाढणे स्वाभाविक आहे.

जतनाचे उपाय साधे आहेत. राख, रांगोळी यांसारख्या खरखरीत पदार्थांनी घासल्यास धातू झिजतो आणि कोरलेली अक्षरे पुसट होतात. रिठ्याचे कोमट पाणी व मऊ कापड पुरेसे असते. वापरात राहिलेले व लगेच कोरडे केलेले भांडे काळेही कमी पडते. पुरावशेष व बहुमोल कलावस्तू अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुन्या कलाकुसरीच्या वस्तू पुरावशेष ठरू शकतात आणि खासगी व्यक्तीला त्या परदेशी पाठवता येत नाहीत.

निष्कर्ष

१) बुलढाणा जिल्ह्यातील चांदीच्या भांड्यांचा इतिहास कापसाच्या व रुपयाच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.
२) भांडे हे मूलतः ठेव असल्यामुळे अडचणीत ते मोडणे हा त्याचा अपेक्षित उपयोगच होता, म्हणून मोडणाऱ्याला दोष देता येत नाही.
३) तथापि मोडीपूर्वी भांड्याचे छायाचित्र, वजन, मोजमाप आणि कोरलेला मजकूर नोंदवून ठेवता येतो. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांमार्फत, मालकाचे नाव व पत्ता गुप्त राखून, अशी नोंदवही तयार केल्यास चांदी ज्याची त्याच्याकडे राहील आणि तिच्यावरील इतिहास सर्वांसाठी उरेल.