खुर्ची कोणाची?

परवा नातवानं मला कोड्यात टाकलं. संगणकावर तो एका बास्केटबॉल संघाचा मालक आहे. संघ लुटुपुटीचा, पण हिशेब अगदी खरा! "आजोबा, स्टेडियम वाढवू की तिकीट वाढवू?" खेळ समजावून घेतला. खुर्च्या वाढवल्या तर आधी खर्च, आणि संघ हरू लागला की त्या रिकाम्या राहणार. तिकीट वाढवलं तर दर खुर्चीमागे चार पैसे जास्त, पण माणसं कमी. दोन्हींचा मेळ घालायचा.

खेळ चांगला आहे, पण त्यात सगळ्या खुर्च्या मालकाच्या असतात. आमच्या मुंबईत तसं कधीच नव्हतं. म्हणून तर चर्चगेटच्या आसपास, एकमेकांपासून चालत दहा मिनिटांवर, दोन मोठी क्रिकेट स्टेडियमं उभी आहेत. बाहेरगावच्या पाहुण्यांना याचं नेहमी नवल वाटतं. मंडळी, त्याचीच ही हकिकत.

भारतातली पहिली कसोटी 15 डिसेंबर 1933ला बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर सुरू झाली. लाला अमरनाथांनी 118 धावा केल्या तीच. जिमखाना गोऱ्यांचा, हिंदी माणसाला सभासदत्व नाही. मैदानावर खेळायला मात्र सी. के. नायडूंचा संघ! प्रेक्षकांसाठी तात्पुरते मांडव घातले होते. एका दृष्टीनं ही फार सोयीची व्यवस्था. गर्दी येणार तेव्हा बांबू ठोका, सामना संपला की सोडा. रिकाम्या खुर्च्यांचा बोजा वर्षभर वाहायला नको. नातवाच्या खेळात ही सोय नाही.

पण आपलं, पक्कं स्टेडियम हवं ही ओढ होतीच. 1933 सालीच स्थापन झालेल्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियानं, म्हणजे सीसीआयनं, समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर ते बांधलं. तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड ब्रेबॉर्न यांचं नाव त्याला दिलं आणि डिसेंबर 1937मध्ये लॉर्ड टेनिसनच्या संघाविरुद्धच्या सामन्यानं ते खुलं झालं. देखणी वास्तू. आजही तिथे गेलं की आवाज आपोआप खाली येतो. पण ती एका क्लबाची होती, आणि क्लबाला सभासद असतात. सभासदांना त्यांच्या हक्काच्या जागा.

मुंबईचं क्रिकेट चालवणारी संस्था वेगळी, बॉम्बे क्रिकेट असोसिएशन. कसोटी भरवायची हिनं, जागा सीसीआयची. असोसिएशनच्या मागे मैदानांवरचे शेकडो लहानमोठे क्लब. पावसाळ्यात चिखलात कांगा लीग खेळणारी माणसं ही. कसोटी आली की त्यांनाही तिकिटं हवीत. आमच्या गिरगावच्या चाळीत अशाच एका क्लबाचे चिटणीस राहत. एरवी त्यांच्याकडे कुणी फिरकत नसे. कसोटीच्या आधी पंधरा दिवस मात्र त्यांची प्रकृती विचारायला जिन्यात रांग लागे. आमचे वडीलही जात. तिकीट खिडकीवर न मिळता ओळखीनं मिळतं, हे मी शाळकरी वयातच शिकलो.

भांडण पेटलं ते या जागांच्या वाटणीवरून. सीसीआयच्या बाजूला विजय मर्चंट, असोसिएशनच्या बाजूला शेषराव वानखेडे. मर्चंटांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. स्टेडियम आम्ही बांधलं, आम्ही सांभाळतो, मग आमच्या सभासदांच्या जागा का सोडायच्या? वानखेड्यांचंही खरं होतं. क्रिकेट आम्ही पिकवायचं आणि आमच्याच माणसांनी बाहेर उभं राहायचं? दोघांपैकी कुणी चिटणिसांच्या जिन्यातल्या रांगेबद्दल बोलत होतं असं मात्र मला वाटत नाही.

वानखेडे नागपूरकडचे, 1972पासून विधानसभेचे अध्यक्ष. त्यांनी चर्चगेट आणि मरीन लाइन्सच्या मधे, रेल्वेच्या कडेला, नवं स्टेडियम उभं केलं, तेही साधारण वर्षभरात. जागा सुमारे 45,000. जानेवारी 1975मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध तिथे पहिली कसोटी झाली. क्लाइव्ह लॉइडनं नाबाद 242 केल्या. त्याचं अभिनंदन करायला मैदानात धावलेल्या पोराला पोलिसांनी झोडपलं, प्रेक्षक खवळले आणि खेळ थांबला. ब्रेबॉर्नच्या तुलनेत हे काँक्रीटचं धूड मला कधी सुंदर वाटलं नाही. पण खुर्च्या वाढल्या, आणि ओळख नसलेला माणूसही एखाद्या वेळी आत शिरू लागला, हे मान्य केलं पाहिजे. वडील गेले असते तर खूश झाले असते. ते 1973 सालीच वारले.

मग हिशेबच बदलला. 1990नंतर क्रिकेटचं प्रक्षेपण पैसे मोजून विकत घेतलं जाऊ लागलं. सामन्याची कमाई गेटवरून टीव्हीकडे सरकली. स्टेडियममधला माणूस हा गिऱ्हाईक कमी आणि टीव्हीवरच्या चित्राची पार्श्वभूमी जास्त झाला. 2011च्या विश्वचषकासाठी वानखेडे नव्यानं बांधलं, तेव्हा खुर्च्या वाढल्या नाहीत, उलट कमी झाल्या. 45,000च्या सुमारे 33,000. प्रत्येकाला स्वतंत्र खुर्ची, डोक्यावर छत. त्या कामाच्या काळात, डिसेंबर 2009मध्ये, कसोटी पुन्हा ब्रेबॉर्नला गेली, 1973नंतर पहिल्यांदाच. सेहवागनं तिथे 293 केल्या. भांडणात जिंकलेल्याला हरलेल्याचं घर उसनं घ्यावं लागलं.

आणि 2 एप्रिल 2011ची अंतिम लढत. तिची तिकिटं कशी वाटली गेली ते वर्तमानपत्रांत आलंच होतं. सुमारे 20,000 असोसिएशनच्या संलग्न क्लबांना. साडेआठ हजार आयसीसीला. आम जनतेसाठी 4,000. म्हणजे आठ खुर्च्यांमागे जेमतेम एक. ज्या क्लबांना जागा मिळेनात म्हणून हे स्टेडियम बांधलं, ते आता आत बसले होते, आणि बाहेरची रांग तशीच होती. तिकिटाचा दर काहीही ठेवला असता तरी त्या रांगेला फरक पडला नसता.

नातवाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आजोबा, माझ्या खेळात फुकट पास नसतात." मग त्यानं तिकीट थोडंसं वाढवलं आणि पाचशे खुर्च्या बांधायला घेतल्या.