काळ्या लोकरीची तक्रार

पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात राजवाड्यांच्या भिंतींवर टांगायचे विणलेले पट बनत. पट म्हणजे चित्रंच, फक्त ब्रशऐवजी धाग्यांनी काढलेली. रंगारी लोकर रंगवून लडी द्यायचे आणि विणकर धागा धागा भरत चित्र उभं करायचे. गोबलँ हे मुळात रंगाऱ्यांच्या घराण्याचं नाव. पंधराव्या शतकात बिएव्र नदीच्या काठी त्यांचा रंगखाना होता. पुढे १६६२ मध्ये चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर यानं तिथे राजाचा कारखाना उभा केला. अशा जागी रंगाऱ्याच्या कामाला नावं ठेवली जाणं ही साधी गोष्ट नव्हती.

१८२४ मध्ये तिथल्या रंगखात्याचा प्रमुख म्हणून मिशेल यूजेन शेव्रल आला. तो रसायनशास्त्रज्ञ. चरबी आणि साबण यांच्या अभ्यासामुळे त्याचं नाव आधीच झालेलं. आल्या आल्या त्याच्यासमोर तक्रारी होत्याच. फिकट निळा, जांभळा, करडा, तपकिरी हे रंग टिकत नाहीत, ही एक. ती खरी निघाली. दुसरी तक्रार काळ्याची होती: निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या घड्यांमध्ये सावली दाखवायला जो काळा धागा वापरतात, त्यात दमच नाही, तो मरगळलेला दिसतो.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे इथून पुढची गोष्ट मला फार ओळखीची वाटते. शेव्रलनं आधी संशयिताला वेगळं काढलं. दुसऱ्या कारखान्यांतली उत्तम काळी लोकर मिळवली आणि गोबलँच्या काळ्याशेजारी ठेवून पाहिली. आपला काळा कुठेच कमी नव्हता. म्हणजे रंगाच्या कढईत दोष नाही, लोकरीत नाही, रंगाऱ्याच्या हातातही नाही. मग बग कुठे?

बग शेजारी होता. निळ्याला लागून काळा ठेवला की डोळा त्या काळ्यावर निळ्याच्या विरुद्ध रंगाची, म्हणजे नारिंगीची, पुसट झाक चढवतो. काळा तपकिरीकडे झुकतो, उजळतो आणि फिका वाटतो. शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांना असे बदलतात, हे शेव्रलनं पुढे वर्षानुवर्षं तपासलं आणि १८३९ मध्ये त्यावर जाडजूड ग्रंथ काढला. फोनवर हे लगेच करून बघता येईल: एकच करडा चौकोन एकदा पिवळ्यावर ठेवा, एकदा जांभळ्यावर. हेक्स कोड तोच असतो, पण डोळ्याला ते पटत नाही.

मला मात्र त्या ग्रंथातला नियमापेक्षा एक तंटा जास्त आवडतो. काही कापड व्यापाऱ्यांनी तांबडं, जांभळं आणि निळं कापड कारागिरांना दिलं आणि त्यावर काळी नक्षी करून मागितली. माल परत आला तेव्हा व्यापारी भडकले. तांबड्यावरची नक्षी हिरवट दिसत होती, जांभळ्यावरची हिरवट-पिवळी, निळ्यावरची तांबूस. काळं सांगितलं होतं, हे काय दिलंत? कारागीर काळाच रंग वापरल्याचं सांगत होते आणि त्यांच्या बोलण्याशिवाय त्यांच्याकडे पुरावा नव्हता. शेव्रलनं पांढरा कागद असा कापला की कापडाची जमीन झाकली जाईल आणि फक्त नक्षी उघडी राहील. नक्षी काळीच होती. भांडण तिथेच मिटलं.

तो कापलेला कागद मला त्या जाड ग्रंथाहून मोठा वाटतो. ज्याच्या हातात पैसा आहे तो ‘मला दिसतंय ना’ म्हणतो, आणि ज्याच्या हातात काम आहे त्याची मजुरी अडकते. अशा किती कारागिरांची मजुरी कागद कापणारा कोणी न मिळाल्यामुळे बुडाली असेल, याची नोंद कुठल्या वहीत असणार?

आपल्याकडच्या रंगाऱ्यांना आणि विणकरांना यातलं बरंच हातानं ठाऊक असावं, असा माझा अंदाज आहे. हिरडा आणि हिराकस यांच्यापासून होणारा जुन्या पद्धतीचा काळा बरेचदा किंचित तपकिरीकडे जातो. आता लाल काठांची काळी चंद्रकळा आठवा. शेव्रलच्या हिशेबानं लाल रंग शेजारच्या काळ्यातली लालसर झाक खाऊन टाकतो, म्हणजे काळा आणखी काळा दिसतो. तोच धागा निळ्याच्या कुशीत गेला असता तर विटलेला वाटला असता.

इथपर्यंत रंग एकमेकांपासून दूर ढकलले जात होते. पण रंगाचे ठिपके पुरेसे बारीक केले की उलटंच होतं, ते एकमेकांत मिसळतात. शेव्रलनं हा फरक नीट मांडला. परस्परविरोधी रंगांचे, समजा तांबडा आणि हिरवा, रुंद पट्टे शेजारी ठेवले तर दोन्ही भडक होतात. त्याच रंगांचे बारीक धागे एकत्र पिळले किंवा एक उभा, एक आडवा असे विणले तर दोघे एकमेकांना मारतात आणि लांबून करडं दिसतं. पैठणीची धूपछाव याच सीमारेषेवर खेळते. उभे धागे एका रंगाचे, आडवे दुसऱ्या. पदर हलला की कधी हा वर येतो, कधी तो.

सूत कातणाऱ्याला तर ही सीमारेषा रोजची. कढईत पिवळ्यावर निळा चढवला की स्वच्छ हिरवा मिळतो. पण पिवळी लोकर आणि निळी लोकर एकत्र पिंजून, पेळू करून कातली तर हिरवा येतो तो धुरकट, कारण प्रत्येक तंतू आपला रंग राखून असतो आणि बेरीज डोळ्यात होते. पिंजणं अर्ध्यावर सोडलं तर सुतात रंगाच्या रेघा राहतात. फार पिंजलं तर सगळं सपाट होतं. कुठे थांबायचं हे हातच ठरवतो.

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवरचं हॅरिस ट्वीड हे कापड या धुरकटपणावरच उभं आहे. तिथे सूत नव्हे, आधी लोकर रंगवतात. खडकांवरचं क्रॉटल नावाचं दगडफूल खरवडून, लोकरीबरोबर उकळून तांबूस तपकिरी रंग काढायची जुनी रीत होती. मग वेगवेगळ्या रंगांची लोकर ठरलेल्या प्रमाणात मिसळायची आणि कातायची. लांबून तपकिरी दिसणाऱ्या कोटाजवळ गेलं की त्यात जांभळे, पिवळे, हिरवे तंतू सापडतात. १९३४ मध्ये गिरणीत कातलेल्या सुतालाही हॅरिस ट्वीडचा शिक्का मिळू लागला आणि हातकताई मागे पडली. पण १९९३ च्या ब्रिटिश कायद्यानुसार ही लोकर रंगवायची आणि कातायची त्याच बेटांवर, आणि विणायची विणकराच्या स्वतःच्या घरी.

हे वाचताना तुमच्या हातात जी स्क्रीन आहे, तिथेही तंतूंचंच गणित चालू आहे: तांबडे, हिरवे, निळे बारीक ठिपके, बेरीज डोळ्यात. या गणिताचा जुना प्रयोग दुसऱ्या एका स्कॉटिश माणसाचा, जेम्स क्लर्क मॅक्सवेलचा. १७ मे १८६१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यानं एकाच वस्तूचे तांबड्या, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांमधून काढलेले फोटो पडद्यावर एकावर एक टाकून रंगीत चित्र दाखवलं. जगातला पहिला रंगीत फोटो म्हणून ते ओळखलं जातं. फोटोसाठी निवडलेली वस्तू होती टार्टन चौकड्यांची फीत, रंगवलेल्या धाग्यांची.

गंमत अशी की त्या काळच्या फोटोच्या काचांना तांबडा प्रकाश जवळजवळ दिसतच नसे. मग तांबड्या गाळणीतून चित्र उमटलं कसं? याचा उलगडा थेट १९६१ मध्ये, कोडॅकच्या संशोधकांनी केला. मॅक्सवेलची तांबडी गाळणी थोडे अतिनील किरणही आत सोडत होती आणि फितीवरचा तांबडा रंग नेमके तेच परत फेकत होता.