पक्षाघात आणि रक्तातलं मीठ

भंडारा जिल्ह्यातलं दिघोरी झाडीपट्टीच्या धानपट्ट्यात येतं. पक्षाघाताला या भागात लकवा म्हणतात. तोंड वाकडं झालं, हातपाय लुळे पडले, की घरचे माणसाला घेऊन भंडारा नाहीतर नागपूर गाठतात. चार-पाच दिवसांत तो सावरतोय असं वाटत असतानाच कधी कधी गुंगीत जातो, असंबद्ध बोलू लागतो, त्याला फिट येते. घरच्यांना वाटतं, दुसरा झटका आला. रक्ताचा रिपोर्ट मात्र वेगळंच सांगतो: सोडियम, म्हणजे मिठातला घटक, १२० च्या खाली. निरोगी माणसात ते १३५ ते १४५ असतं.

हा आकडा पूर्वी सहज हाती येत नसे. रक्तातलं सोडियम रसायनं घालून साक्याच्या रूपात वेगळं काढायचं आणि मग मोजायचं, असं ते किचकट काम होतं. १९४० च्या दशकात फ्लेम फोटोमीटर आला. ज्योतीत नमुन्याचा फवारा सोडायचा आणि पिवळ्या उजेडाची तीव्रता मोजायची. आता वॉर्डातल्या रोग्याचं सोडियम रोज तपासता येऊ लागलं.

१९५० मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे जॉन पीटर्स आणि सहकाऱ्यांनी मेंदूचा आजार असलेल्या तीन रोग्यांची नोंद प्रसिद्ध केली. रक्तात मीठ कमी असूनही त्यांच्या लघवीतून ते वाहतच होतं. आजारी मेंदूमुळे मूत्रपिंडं मीठ गमावतात, असा त्यांचा निष्कर्ष. सातच वर्षांनी विल्यम श्वार्ट्झ आणि फ्रेडरिक बार्टर यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या दोन रोग्यांवरून दुसरी बाजू मांडली: शरीर पाणी धरून ठेवतं, म्हणून सोडियम विरळ होतं. वरण अळणी लागलं तर मीठ कमी पडलेलं असतं किंवा पाणी जास्त झालेलं असतं, तसाच हा पेच. पण इथं दोन्हींचे उपाय परस्परविरुद्ध. एकात मीठ-पाणी द्यायचं, दुसऱ्यात पाणी तोडायचं.

पुढची अनेक वर्षं दुसऱ्या स्पष्टीकरणाचंच वजन राहिलं आणि पाणी तोडणं हा नेहमीचा उपाय झाला. त्याची किंमत १९८५ मध्ये नेदरलँड्सच्या वायडिक्स यांनी दाखवली. मेंदूतली फुगलेली रक्तवाहिनी फुटलेल्या १३४ रोग्यांपैकी ४४ जणांचं सोडियम उतरलं होतं. त्यातल्या २६ जणांचं पाणी कमी केलं गेलं आणि त्यांपैकी २१ जणांच्या मेंदूचा काही भाग रक्ताअभावी मेला. हा अभ्यास रक्तस्रावाच्या एका प्रकाराचा आहे, तो प्रत्येक लकव्याला लागू करता येत नाही. तरी कारण न शोधता पाणी तोडण्यातला धोका त्यानं ठसठशीत मांडला.

घाईनं सोडियम चढवणंही तितकंच घातक. १९५९ मध्ये रेमंड अॅडम्स आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या देठातल्या मज्जातंतूंचं आवरण नष्ट होण्याचा आजार वर्णिला. फार दिवस खाली राहिलेलं सोडियम एकदम वर नेल्यानं तो होतो, हे पुढे उमगलं. म्हणून आज ते हळूहळू, पुन्हा पुन्हा तपासत वाढवतात.

दिघोरीसारख्या गावांना अडतं ते इथंच, कारण घरी पडून असलेल्या रोग्याचं सोडियम पुन्हा पुन्हा तपासणार कोण? भंडाऱ्याला लागून असलेल्या गडचिरोलीत 'सर्च' संस्थेनं २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांतले मृत्यू तपासले. १,५९९ पैकी २२९ मृत्यू पक्षाघातानं झाले होते, म्हणजे इतर कोणत्याही कारणापेक्षा जास्त. त्यातली सुमारे ८७ टक्के माणसं घरीच गेली.

जे दवाखान्यातून परततात, त्यांच्या पिशवीत बीपीच्या गोळ्या असतात. त्यांतल्या काहींमध्ये १९५० च्या दशकाअखेर आलेल्या थायझाइड गटातलं, लघवी वाढवणारं औषध असतं. बीपीसाठी ते उपयोगाचं, पण म्हाताऱ्या, कमी जेवणाऱ्या माणसाचं सोडियम त्यानं उतरू शकतं. म्हणून अशा घरात गुंगी किंवा बरळणं दिसलं, तर डॉक्टरांना रोग्यासोबत गोळ्यांची पाकिटंही दाखवावीत आणि सोडियम तपासायला सांगावं.