अन्नमार्गातील औष्णिक रक्तस्तंभन

अन्ननलिका, जठर, ग्रहणी अथवा आतडे यांतून होणारा रक्तस्राव, अंतर्दर्शकाच्या म्हणजे दुर्बिणीच्या मार्गाने नेमक्या स्थळी उष्णता पोचवून थांबविण्याची उपचारपद्धती.

उष्णतेने ऊतींतील प्रथिने साकळतात व वाहिनी आकसते, हे खरे. परंतु वाहते रक्त उष्णता आपल्याबरोबर वाहून नेत असल्यामुळे, मोठ्या वाहिनीवर शलाकेचे टोक घट्ट दाबून तिच्या भिंती प्रथम परस्परांस भिडविणे व त्यानंतरच उष्णता देणे जरूर ठरते. स्वतः तापणारी हीटर प्रोब आणि टोकावरील दोन ध्रुवांतच विद्युत्प्रवाह फिरविणारी द्विध्रुवी शलाका ही या स्पर्शपद्धतीची साधने होत. अरगॉन वायूच्या आयनीभूत झोताने, ऊतीस न शिवता, होणारा दाह उथळ असतो. म्हणून तो पसरट वाहिनीविकृतींस आणि किरणोपचाराने क्षत झालेल्या गुदाशयास विशेष उपयुक्त पडतो.

फॉरेस्टने १९७४ साली केलेल्या रक्तस्रावी व्रणांच्या वर्गीकरणानुसार, उसळते वा झिरपते रक्त अथवा उघडी पडलेली वाहिनी दिसणाऱ्या व्रणास हा इलाज करतात. स्वच्छ तळाच्या व्रणास त्याची गरज नसते. १:१०,००० प्रमाणातील ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन एकटे पुरेसे नसून त्यास उष्णतेची अथवा क्लिपची जोड द्यावी लागते. यकृतविकारात अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरांवर मात्र रबरी कडी बसवितात. पातळ भित्तीच्या उंडुकात अतिदाहाने छिद्र पडण्याची, आणि साफ न केलेल्या बृहदंत्रात ज्वालाग्राही वायूंच्या स्फोटाची धास्ती असते.

पालघर जिल्ह्यातील वसई-विरारचा रुग्ण, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच होऊन दाखल झाला व त्यास घोडबंदरच्या खाडीपुलावरून मुंबईस हलविण्याचा प्रसंग आला, तर श्वासमार्ग, रक्तदाब व शिरेतून द्रव यांची तजवीज प्रस्थानापूर्वीच करावी लागते. कारण दुर्बीण सामान्यतः चोवीस तासांच्या आत घालावयाची असली, तरी रक्ताभिसरण सावरल्यावाचून ती घालणे धोक्याचे असते. हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला ७ ग्रॅमखाली गेल्यास बहुधा रक्त देतात.

व्रणावरील यशस्वी उपचारानंतर आम्लरोधक औषध मोठ्या मात्रेत ७२ तास चालू ठेवतात. आणि हेलिकोबॅक्टर जंतूचा नायनाट व वेदनाशामक गोळ्यांचा फेरविचार यांत कसूर झाल्यास, बंद केलेल्या वाहिनीशेजारी नवा व्रण उद्भवू शकतो.