चिपमधील तांबे आणि विद्युत्-विलेपनाची परंपरा

विद्युत्-विलेपन म्हटले की मुंबईच्या उपनगरांतील प्लेटिंगचे गाळे आणि आम्लाचा वास आठवतो. हीच ओली क्रिया पुढे चिपनिर्मितीच्या धूळमुक्त दालनात शिरली.

चिपमधील सूक्ष्म तारा सुमारे तीन दशके ॲल्युमिनियमच्या होत्या. धातूचा थर पसरून नको तो भाग वायूने कोरून काढीत. तांब्याची रोधकता सुमारे एक-तृतीयांशाने कमी. परंतु ते तसे सहज कोरले जात नाही, शिवाय सिलिकॉनमध्ये झिरपून ट्रान्झिस्टर निकामी करते. १९९७ मध्ये आयबीएमने जाहीर केलेल्या पद्धतीत क्रमच उलटला: आधी विद्युत्-रोधक थरात चर, त्यात झिरप अडविणारे अस्तर, मग मोरचुदाच्या आम्लयुक्त द्रावणात विलेपन आणि शेवटी जादा तांबे घासून काढणे. दमास्कसच्या जडावकामावरून तिला 'डमासिन' म्हणतात. बिदरी कामातही चांदी आधी कोरलेल्या चरांतच बसवितात.

खरी अडचण चर भरण्याची होती. तोंड आधी मिटले तर आत पोकळी राहते. द्रावणातील अल्प सेंद्रिय द्रव्यांनी तोंडाशी विलेपन मंदावले, तळाशी वेगावले. तांब्याला चकाकी यावी म्हणून प्लेटिंगचे कारागीर या जातीची द्रव्ये कितीतरी आधीपासून वापरीत होते.