क्लोज्ड-बॅक की ओपन-बॅक? हेडफोन घेण्याआधी ऐकायची जागा बघा

चार ते दहा हजारांच्या बजेटमध्ये चांगला वायर्ड हेडफोन शोधायला घेतला की थोड्याच वेळात एक प्रश्न उभा राहतो: क्लोज्ड-बॅक घ्यायचा की ओपन-बॅक? रिव्ह्यूमध्ये ओपन-बॅकचं भरपूर कौतुक असतं आणि ते खोटंही नसतं. फक्त रिव्ह्यू करणारा शांत, बंद खोलीत बसलेला असतो. आपण ऐकतो पुणे-नगर रस्त्यालगतच्या घरात, दौंडच्या शटलमध्ये, अभ्यासिकेत, नाहीतर कूलर घरघरत असलेल्या खोलीत. त्यामुळे हेडफोन निवडताना पहिला प्रश्न ‘आवाज कुणाचा भारी?’ हा नाही. पहिला प्रश्न आहे, ‘मी कुठे बसून ऐकणार?’

नेमका फरक काय?

हेडफोनच्या आत एक पातळ पडदा हलतो आणि आवाज तयार होतो. हा पडदा पुढे, म्हणजे कानाकडे, जेवढा आवाज टाकतो तेवढाच मागेही टाकतो. मागच्या आवाजाचं काय करायचं, यावरून दोन प्रकार पडतात.

- क्लोज्ड-बॅक: कपाची मागची बाजू बंद. मागचा आवाज आतच अडवला जातो. बाहेरचा गोंगाट कमी येतो आणि तुमचं गाणं शेजाऱ्याला फारसं ऐकू जात नाही.
- ओपन-बॅक: मागे जाळी. आवाज मोकळेपणाने बाहेर जातो, तसाच बाहेरचा आवाज आतही येतो. जवळ बसलेल्या माणसाला तुमचं गाणं स्पष्ट ऐकू येतं.

ओपन प्रकार तसा जुनाच आहे. सेनहायझरने १९६८ मध्ये एचडी ४१४ हा ओपन हेडफोन बाजारात आणला आणि तिथून हा प्रकार घरोघरी पोहोचला.

ऐकताना काय जाणवतं?

ओपन-बॅकमध्ये आवाज डोक्याच्या आत कोंडल्यासारखा वाटत नाही. गायक, तबला, पेटी वेगवेगळ्या जागी बसलेत असं वाटतं. हवा खेळती राहत असल्याने एप्रिल-मे महिन्यात कान कमी घामेजतात. पण सगळ्यात खालचा बास यात बहुतेक वेळा कमी असतो.

क्लोज्ड-बॅकमध्ये बास जास्त भरीव मिळतो, पण त्यासाठी इअरपॅड कानाभोवती नीट बसायला हवा. चष्म्याची काडी मधे आली की फट पडते आणि बास गळतो. चष्मा असेल तर मऊ, जाड पॅडचा हेडफोन बघा.

तुमच्या जागेनुसार निवड

- शटल किंवा एसटी: क्लोज्ड-बॅकच. दौंड ते पुणे रेल्वेने सुमारे ७५ किलोमीटर आहे. रोज येणं-जाणं असेल तर कान कित्येक तास गोंगाटात असतात. एक गोष्ट लक्षात ठेवा: साधा क्लोज्ड-बॅक माणसांची बडबड बऱ्यापैकी अडवतो, पण इंजिनाची खालच्या पट्टीतली घरघर कमीच अडवतो. नॉइज कॅन्सलेशनचं उलट आहे: ते सलग घरघरीवर चांगलं चालतं, अचानक आलेल्या हॉर्नवर फारसं नाही. रोजचा प्रवास हाच मुख्य वापर असेल तर वायर्ड हेडफोनऐवजी नॉइज कॅन्सलेशनवाला घेतलेला बरा.
- अभ्यासिका: क्लोज्ड-बॅक. एमपीएससीचं लेक्चर तुम्ही ऐकताय, शेजारच्याने का ऐकावं?
- रेकॉर्डिंग: स्वतःचं यूट्यूब चॅनेल किंवा पॉडकास्ट असेल तर क्लोज्ड-बॅक. ओपनमधून गळलेला आवाज माइकमध्ये शिरतो.
- दिवसभर ऑनलाइन मीटिंग, स्वतंत्र खोली: ओपन-बॅक आरामाचा. क्लोज्डमध्ये स्वतःचा आवाज घुमतो; ओपनमध्ये तो नेहमीसारखा ऐकू येतो. आईने हाक मारली तरी कळतं.
- मळ्यातली वस्ती, रात्रीची शांतता: ओपन-बॅकसाठी यापेक्षा चांगली जागा शहरातही मिळणार नाही. फक्त त्याच खोलीत कुणी झोपलेलं नको.

एक सूचना मात्र दोन्ही प्रकारांना लागू: रात्री मोटर चालू करायला शेतात जाताना किंवा गाडी चालवताना कानात काहीच नको. शिरूर-जुन्नर पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. ओपन-बॅकमधून बाहेरचं ऐकू येतं म्हणून त्यावर विसंबून राहू नका.

कानांचा हिशोब

चुकीच्या जागी चुकीचा हेडफोन वापरला की नुकसान फक्त पैशांचं होत नाही. गोंगाटात ओपन-बॅक लावला की गाणं ऐकू यावं म्हणून आपण आवाज वाढवत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसांसाठी मर्यादा आहे ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. प्रत्येक ३ डेसिबल वाढीला सुरक्षित वेळ निम्मा होतो:

- ८० डेसिबल: ४० तास
- ८३ डेसिबल: २० तास
- ८६ डेसिबल: १० तास
- ८९ डेसिबल: ५ तास

म्हणजे ९ डेसिबल वाढवले की आठवड्याचा कोटा रोजच्या प्रवासातच संपू शकतो. आणि आवाजाने गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. म्हणूनच गोंगाटाच्या जागी क्लोज्ड-बॅक: तो कमी आवाजातही ऐकू देतो.

फोनवर चालेल का?

बॉक्सवर ओहमचा आकडा बघा. साधारण ३२ ते ६० ओहमचे बहुतेक हेडफोन फोनवर नीट वाजतात. फिलिप्सचा एसएचपी ९५०० (ओपन, ३२ ओहम) आणि ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम२०एक्स (क्लोज्ड, ४७ ओहम) ही त्याची उदाहरणं. बायरडायनॅमिक डीटी ९९० प्रोची २५० ओहमची आवृत्ती फोनवर दबकी वाजेल; तिला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागतो, म्हणजे बजेट वाढलं. फोनला गोल जॅक नसेल तर टाइप-सी डोंगल घ्या, पण डीएसी असलेलाच. अगदी स्वस्त डोंगलमध्ये तो नसतो आणि मग अनेक फोनवर आवाजच येत नाही.

घेताना तपासा

1. काही क्लोज्ड हेडफोनवर नुसती शोभेची जाळी असते. गाणं लावा आणि दोन्ही कपांवर बाहेरून तळहात ठेवा. आवाज लगेच बदलला तर ओपन. काहीच फरक नाही तर क्लोज्ड.
2. वायर काढता-घालता येते का? बऱ्याचदा आधी तीच तुटते.
3. इअरपॅड बदलून मिळतात का?
4. निदान १५ मिनिटं घालून बघा. ऑनलाइन घेत असाल तर परत करायची मुदत आधी वाचा.

थोडक्यात

एकच हेडफोन घ्यायचा आणि तो घर, प्रवास, अभ्यास सगळीकडे वापरायचा असेल तर क्लोज्ड-बॅक घ्या. रोज तासभर तरी शांत आणि एकट्याची जागा नक्की मिळत असेल, तर ओपन-बॅकवर खर्च केलेले पैसे वाया जाणार नाहीत. ठरत नसेल तर एक सोपी परीक्षा आहे: तुम्ही नेहमी जिथे बसून ऐकता तिथे, त्याच वेळेला, दोन मिनिटं गप्प बसा. पंखा, रस्ता, टीव्ही, माणसं असं जे जे ऐकू येईल, ते सगळं ओपन-बॅकमधूनही ऐकू येणार आहे.