गॅरेज, कंपनी आणि सुटा भाग

मुंबईतील स्वतंत्र गॅरेजचा धंदा फोफावला तो फियाटच्या जिवावर. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० आणि पुढे तिचेच रूप असलेली प्रीमियर पद्मिनी बाहेर पडत असे. परवाना-राजात नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे, त्यामुळे हाती आलेली गाडी टिकवणे भागच होते. गाडीची मूळ रचनाही फारशी बदलत नसल्याने गॅरेजमधल्या पोऱ्याला उस्तादाकडे शिकलेले काम जन्मभर पुरे.

गाडी सकाळी सुरू होईना, की मेकॅनिक डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढी, पॉइंट पॉलिश पेपरने घाशी, फीलर गेज घालून फट जुळवी, प्लगवरची काजळी खरवडी आणि कार्ब्युरेटरचा जेट फुंकून साफ करी. नवा सुटा भाग मिळाला नाही तर चोर बाजारात जुना मिळे. तोही नसला तर लेथवर घडवून घेता येई. नकली माल सर्रास खपे आणि पावती मागण्याची पद्धत नव्हती, हेही खरे. पण गाडी कोणाच्या हाती द्यायची, हे मालक ठरवी.

डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ने अधिकृत सर्व्हिस स्टेशनची सवय लावली. खरा फेर पडला तो प्रदूषणाचे निकष कडक झाल्यावर. २००० च्या सुमारास कार्ब्युरेटर मागे पडून इंधन फवारणारी यंत्रणा आली आणि तिचा ताबा संगणकाकडे गेला. बिघाड ओळखायला स्कॅनर लागू लागला. अनेक कंपन्यांनी स्कॅनर, मॅन्युअल आणि अस्सल सुटे भाग आपल्या डीलरांपुरतेच ठेवले. बाहेर हात लावलात तर वॉरंटी गेली, ही धमकी वर होतीच.

२०११ मध्ये एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधने खुल्या बाजारात द्या, केवळ बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असेही बजावले. कंपन्या अपिलात गेल्या. २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने टोयोटा, फोर्ड आणि निस्सान यांच्याविरुद्धचे निष्कर्ष कायम ठेवले; दंड मात्र एकूण उलाढालीऐवजी सुटे भाग व सेवेच्या उलाढालीवर मोजायला सांगून बराच कमी केला.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टल सुरू केले. त्यात मोटारींचाही समावेश आहे. पण पोर्टलवर माहिती देणे कंपन्यांच्या मर्जीवर सोडलेले आहे, आणि मर्जीवर मिळणाऱ्या गोष्टीला हक्क म्हणता येत नाही.